चेंबरावरची खुर्ची

आता तुमी बी पायाचंच विचारा! विचारा, लाजू नका... सकाळपासून गल्लीतली कुत्री सोडली तं सगळ्यायनं विचारून झालं. 'काहो काकाजी, प्लास्टर कायचं?' अबे, पायाचं! दिसून नाही राहिलं का? 'नाही, पण पडले कसे?' कसे म्हणजे? जसा माणूस पडते तसाच पडलो, वरून खाली! पण तुमाले सांगतो, मले पडल्याचं दुःख नाही, कुठी पडलो याचं आहे. ज्या खड्ड्यात कोणी पडू नये म्हणून मी उन्हातान्हात बसलो, त्याच खड्ड्यात, कमेटीच्या डोळ्यादेखत, शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात! अन् माया गुन्हा काय? काहीच नाही. मी तं फक्त बसलो होतो न गा!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतं तुमाले वाटन म्हातारा पिऊन पडला. तसं समोरच्या सिंधूताईनं आमच्या अर्ध्या महाल मोहल्ल्यात सांगूनच ठेवलं आहे.

आमची गल्ली तुमी पाहिली नसन. एक स्कूटर आली का दुसऱ्यानं भिंतीले पालीवानी चिपकून उभं राहायचं, एवढी गल्ली. तिच्यात एक दिवस रेतीचा टिप्पर घुसला! काहून घुसला? म्हणे मोबाईलनं रस्ता दाखवला. अबे, मोबाईलनं विहीर दाखवली तं विहिरीत घुसशील का? घुसला तं घुसला, मंग फसला, मंग सगळी गल्ली 'येऊ दे, येऊ दे' करून त्याले उलटा काढून राहिली, अन् ह्या 'येऊ दे'च्या नादात त्याचं मागचं चाक गेलं माया दारासमोरच्या गटाराच्या चेंबरावर. कडाक! शिमेंटचं झाकण पापडावानी मोडलं. टिप्पर निघून गेला, गल्ली जेवाले गेली, अन् माया दारासमोर राहिलं भोक. काळं, खोल, अन् वास असा का वच्छलानं, म्हणजे माया बायकोनं, त्या दिवशी वरणाले फोडणी दिली ते मले समजलीच नाही.

आता आपल्या इकडे चेंबर उघडं पडलं का माणूस पहिले काय करते? तक्रार? छ्या! फांदी खोचते. मी बी खोचली, बेशरमाची. नाल्याच्या काठानं पाहिजे तेवढी भेटते, जनावर तोंड लावत नाही, अन् वरून एक लाल फडकं बांधलं का झाली सुरक्षा. पण बेशरमच ते! पंधरवडा झाला नाही तं त्याले पानं फुटली गा. खालून खत, वरून ऊन, मंग काय, फुलं बी आली! जांभळी, भोंग्यावानी.

अन् तेव्हा आली कमेटी.

कमेटीचं नाव लंबं आहे, 'नागरी सेवा व सुरक्षा देखरेख समिती'. तिचं काम काय म्हणान तं देखरेख. म्हणजे काम करायचं नाही, काम होते का नाही ते पाहायचं. अन् होत नसन, तं ते होऊन नाही राहिलं हे बी पाहायचं. अध्यक्ष चंपतराव. पांढरे कपडे, पायात पांढरे बूट, अन् बोलणं असं का समोर एकटा मी असलो तरी 'उपस्थित बंधू-भगिनींनो'. त्यायच्या संगं इंजिनियर प्रीती मॅडम. पोरगी चांगली आहे, पण हातात मोबाईल, अन् जे दिसन त्याचा फोटू. मी म्हटलं, 'चंपतराव, हे पाहा, भोक!' चंपतरावनं पाहिलं. फुलंच पाहिली! म्हणे, 'वा काकाजी, वा! भर वस्तीत हरित उपक्रम!' मॅडमनं फोटू काढला. अन् पुढच्या आठवड्यात बगिच्यावाले आले, म्हणे रस्त्याच्या मधात झाड लावाले परवानगी नाही, अन् बेशरम उपटून घेऊन गेले!

भोक ठेवून गेले. भोक त्यायच्या खात्यात येत नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी सिंधूताई पापडाची परात डोक्यावर घेऊन निघाली. सिंधूताईची चाल तुमाले माहीत नाही, नजर आभाळात, तोंड चालू, पाय देवाच्या भरवश्यावर. मी दारात दात घासून राहिलो होतो. पाहतो तं हिचा पाय... अधांतरी... बरोबर भोकावर! मी ओरडलो, 'सिंधूताई, पाय!' तोंडातला फेस तिच्या पापडावर. ते वाचली. अन् वाचून मलेच म्हणते, 'पापडाले थुकले काहून वं... अं... गा तुमी?' घाबरली होती बिचारी, माणसाच्या 'गा'चं बाईचं 'वं' करून बसली. मंग माया ओट्यावर टेकली, अन् तो पाय दोन्ही हातानं धरून बसली. ते पाहून मले काय झालं कोण जाणे. घरातून पिलास्टिकची खुर्ची आणली, एका हाताची, दुसरा हात जावयानं टेकून तोडलेला. तिचे चार पाय भोकाच्या चार बाजूले, मधात भोक. मोकळी ठेवली तं कोणी उचलून नेईन, म्हणून वर मी.

वच्छला दारातून पाहते अन् म्हणते, 'काय वो, रस्त्यात संडासले बसल्यावानी दिसता!'

दिसू दे. पण तुमाले सांगतो, एकदा का माणूस भोकावर बसला न, मंग त्याले लोकायचे चेहरे दिसत नाही, पायच दिसते. कोणाची चप्पल घासली, कोण लंगडते, कोण मोबाईल पाहत चालते. अन् प्रत्येक पाय भोकाकडेच येऊन राहिला असं वाटते! मंग म्हणाच लागते न, 'ओ भाऊ, बाजूनं', 'ओ ताई, पदर सांभाळ', 'अबे ए, हिरो, खाली पाय!' यात नोकरी कुठी आली? मी तं फक्त बसलो होतो!

सिंधूताईनं तिच्या मोबाईलवरून तक्रार टाकली. आजकाल तक्रार बी मोबाईलवर होते, पापडाची आर्डर बी. मले वाटलं आता झाकण येईन. झाकण नाही, उत्तर आलं! सिंधूताईनं रस्त्याच्या त्या काठावरून वाचून दाखवलं, बातम्या वाचल्यावानी. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. सदर ठिकाणी सुरक्षा व्यवस्था उपलब्ध आहे.' मी म्हटलं कुठी आहे वं सुरक्षा? ते म्हणे खाली फोटू बी आहे. पाहतो तं मी! खुर्चीवर बसून, बनियनवर, जांभई देऊन राहिलो!

अबे मी सुरक्षा? मले घरात चहा स्वतःच्या हातानं घ्याची परवानगी नाही, अन् मी सुरक्षा?

मी गेलो महापालिकेच्या झोनच्या हाफिसात. खुर्ची वच्छलाले धरून ठेवाले सांगितली अन् गेलो. चंपतराव तिथंच होते. म्हटलं, 'चंपतराव, मले झाकण पाहिजे.' म्हणे, 'काकाजी, झाकण म्हणजे काय? निर्जीव वस्तू! चोरीले जाते, फुटते. पण तुमच्यासारखा जागरूक नागरिक! बंधू-भगिनींनो...' बंधू-भगिनी म्हणजे मी अन् पाण्याचा माठ. मॅडम म्हणे, 'काका, तुम्ही बसायला लागल्यापासून त्या ठिकाणी एकही अपघात नाही. आमच्याकडे सगळ्यात सुरक्षित चेंबर तुमचंच आहे.' अन् मले एक नारंगी जाकीट देलं, चमकणाऱ्या पट्ट्याचं, अन् एक शिट्टी!

आता तुमी म्हणान, म्हाताऱ्या, घेतलं काहून? सांगतो. थंडीचे दिवस होते, जाकीट गरम होतं. बस. एवढीच मायी चूक. अन् शिट्टी... शिट्टी कोणाले आवडत नाही गा?

पण जाकीट घातलं अन् मामला बदलला. एक दिवस कमेटी आली अचानक पाहणीले, अन् मी नेमका आतमधी गेलो होतो. कायले म्हणजे? माणूस आतमधी कायले जाते? बाहेर येतो तं खुर्चीले कागद चिपकवला, 'तैनात व्यक्ती जागेवर आढळून आली नाही, खुलासा करावा'. मले लिहिता किती येते? सही पुरतं! वच्छला म्हणे, 'लिहा न, पोट साफ होत नव्हतं म्हणून.' मी चंपतरावले फोन लावला, म्हटलं, 'मी नोकर नाही तुमचा, मी तं फक्त बसलो होतो!' म्हणे, 'तेच तं काकाजी! नव्हते बसले, तेच तं तक्रार आहे!'

आता बोला.

अन् तेवढ्यात मायी नात मिनल, तिचं लग्न ठरलं. पारशिवनीले. मायी पोरगी गोपिका तिथं देली आहे, तिची ही एकुलती एक. आता गोपिकेले भाऊ नाही, म्हणजे मिनलले मामा नाही. मंग मांडवात पोरीच्या मागं मामा म्हणून उभं कोण राहीन? मी! लहानपणी त्या मिनलनं माया खांद्यावर बसून सगळा महाल पाहिला आहे, माया कान धरून, स्कूटरचं हँडल धरल्यावानी. म्हणे, 'आबाजी, लग्नात तुमीच मागं उभे राहसान, नाहीतं मी हार घालतच नाही.' गोपिका फोनवर रडून राहिली, 'बाबा, त्या भोकाच्या पायी मायी पोरगी मांडवात एकटी उभी राहीन काय?'

तसं पाहिलं तं मले धरून कोणी ठेवलं होतं? उठायचं अन् यश्टीत बसायचं. पण मंग डोळ्यासमोर सिंधूताईचा तो पाय येते... मी पारशिवनीले मोतीचूर खाऊन राहिलो अन् इकडे कोणी आत गेलं तं? गेलो चंपतरावकडे, म्हटलं, एक दिवसासाठी एखादी पाटी आडवी टाका. म्हणे, 'पाटी टाकता येत नाही, तिथं माणूस मंजूर आहे. बदली माणूस द्या अन् खुशाल जा.'

बदली माणूस! सिंधूताईले विचारलं. 'मी काहून बसू गा त्या वासात? माया पापडाले वास लागला तं?' वच्छलाले विचाराची सोयच नाही. लग्नातलं लुगडं तिनं कधीचं काढून ठेवलं होतं, मले म्हणे, 'तुमी या नाहीतं नका येऊ, मी चालली.' माणूस काही भेटेना. अन् मंग वच्छलालेच सुचलं. शेतातली पोरगी न ते! म्हणे, 'आमच्या वावरात रानडुकरं येत, तं बाप काय रोज राखणीले जाये का? बुजगावणं उभं करे. डुकरायले समजत नाही, तं कमेटीले काय समजन?'

मंग आमी दोघं बसलो. फळवाल्याच्या पेटीतलं तणस आणलं, माया पायजाम्यात भरलं, बंडीत भरलं, वर पालथं मडकं ठेवलं. काजळानं डोळे, मिशा. मायी टोपी, वरून नारंगी जाकीट, गळ्यात शिट्टी. खुर्चीवर बसवलं, सुतळीनं बांधलं. दूर जाऊन पाहिलं, तं तुमाले सांगतो, मलेच नमस्कार कराची इच्छा झाली! पाठ सरळ, नजर समोर, खोकला नाही काही नाही. वच्छला त्याच्याकडे कौतुकानं पाहत राहिली, मंग मायाकडे पाहिलं, मंग परत त्याच्याकडे. म्हणे, 'लग्नाले यालेच नेलं असतं, पण बांधून झालं.'

गेलो पारशिवनीले. मांडव भरलेला, मिनल नटून उभी, मागं मी. नवीन धोतर, फेटा, छाती अशी फुगली होती का बटन तुटाची बाकी. मंगलाष्टकं चालू. पण नजर... नजर मेली खालीच! सगळ्यायचे पाय पाहून राहिलो. अंतरपाट निघाला, वाजंत्री सुरू झाली, अक्षता पडून राहिल्या, अन् नवरदेवानं हार घालाले पाय पुढं टाकला. वर पाहत! फोटूवाल्याकडे पाहत! मले काय झालं माहीत नाही, मी ओरडलो, 'अबे ए, हिरो, खाली पाय!'

वाजंत्री बंद. सगळा मांडव खाली पाहून राहिला. नवरदेव एका पायावर उभा, बगळ्यावानी, हार हातात. व्याही म्हणे, 'काय आहे? साप आहे का?' बाया खुर्च्यायवर चढल्या! अन् मिनल... मिनल वळली अन् हसून हसून तिच्या डोळ्यातलं काजळ गालावर. म्हणे, 'आबाजी, इथं भोक नाही.' मंग तिनंच नवरदेवाचा हात धरून त्याचा पाय खाली ठेवला अन् त्याच्या गळ्यात हार घातला. माया डोळ्यात पाणी आलं ते... धुरानं आलं. होमाचा धूर होता न. होम नंतर होता, पण धूर आधीच होता.

एवढं सुख पाहून दुसऱ्या दिवशी घरी परत आलो. गल्लीच्या तोंडाशी पाहतो तं गर्दी! माया जीव खाली गेला. पडलं, कोणीतरी पडलं! थैली वच्छलाच्या हातात देली अन् धावलो, या वयात! लोकायले लोटत पुढं गेलो...

सत्कार चालू होता!

सुरक्षा सप्ताह होता म्हणे. पाठीमागं बॅनर, 'उत्कृष्ट सुरक्षा सेवा'. चंपतराव माईकवर: 'बंधू-भगिनींनो, काल दुपारी आमी अचानक पाहणी केली, हे काकाजी जागेवर! संध्याकाळी केली, जागेवर! आज सकाळी केली, जागेवर! चहा विचारला, घेतला नाही! बोलाले गेलो, बोलले नाही! हे मौन, ही निष्ठा...' अन् माया बुजगावण्याच्या खांद्यावर शाल! मांडीवर नारळ! लोक टाळ्या वाजवून राहिले, सिंधूताई बी! तिले माहीत होतं, पण पहिल्या रांगेत खुर्ची भेटली होती न.

मी ओरडलो, 'चंपतराव, ते मी नाही!' चंपतराव म्हणे, 'तुमी कोण?' 'मी ताराचंद! ते तणस आहे!' मॅडमनं जवळ जाऊन डोक्यावर बोटानं वाजवलं. टण्. चंपतरावनं माईकवर हात ठेवला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, अन् हळूच मले म्हणे, 'काकाजी, मडकं तं मडकं, फोटू वर गेले आहे. आता यालेच राहू द्या. तुमी कायले मधात येता?'

मधात येता? मायी टोपी, मायं जाकीट, मायी खुर्ची, अन् मी मधात? मले शालीचं काही नाही, पण नारळ तं माया होता न? गेलो पुढं, नारळाले हात घातला, नारळ सुतळीत अटकला, मी ओढलं, खुर्ची सरकली, अन् ज्या भोकावर मी इतके दिवस सगळ्यायचे पाय पाहत बसलो, तिथं स्वतःचा पाय पाहाचा राहूनच गेला. सूंऽऽ... कमरेपर्यंत! वरून शिट्टीचा आवाज आला. सिंधूताई म्हणते ते तिनं वाजवली. मले अजूनही वाटते बुजगावण्यानंच वाजवली.

त्याचा अहवाल आला मोबाईलवर. सिंधूताईनं रस्त्याच्या त्या काठावरून वाचला, 'कार्यक्रमादरम्यान एका अनोळखी वृद्धाचा तोल जाऊन तो चेंबरात पडला. मात्र तैनात कर्मचाऱ्याने जागा सोडली नाही.'

अन् झाकण? आलं न बाप्पा, आलं! मी पडलो म्हणून तातडीनं आलं. नवीन, जाड, गोल. पण बसवता येत नाही. काहून म्हणजे? त्या जागेवर कर्मचारी आहे! त्याले उठवल्याशिवाय झाकण बसत नाही, अन् उठवाचा हुकूम निघाला नाही, कारण त्याच्याबद्दल एकही तक्रार नाही. म्हणून झाकण माया अंगणात आणून ठेवलं, सांभाळाले. चोरीले जाईन म्हणे.

डाक्टरनं सांगितलं पाय उंचावर ठेवा. ठेवला, झाकणावर. तिकडून ते बुजगावणं माया टोपीतून मायाकडे पाहते, इकडून मी त्याच्याकडे. अन् वच्छला चहा घेऊन बाहेर येते तं पहिले त्याच्यावरची धूळ झटकते, मंग मले कप देते.

मी काही म्हणत नाही गा. मी तं फक्त बसलो आहे.